पाठमोरे मास्तर

मास्तरांचा चेहरा आठवायला मला जरा वेळ लागतो. पाठ मात्र चटकन डोळ्यांपुढे येते. खाकी सदरा, दोन्ही खांद्यांच्या मधोमध घामाचा डाग, मानेवर बारीक कापलेले पांढरे केस आणि त्यापलीकडे कडुनिंबाचं खोड. अमरावतीच्या आमच्या मुलींच्या कॉलेजात टेनिसचं एकच कोर्ट होतं. त्याच्या कडेला एक लोखंडी खुर्ची कोर्टाकडे पाठ करून मांडलेली असे. मास्तर तिच्यावर बसून समोरच्या कडुनिंबाशी बोलल्यासारखे बोलत, आणि त्यांच्या मागे आम्ही सहा-सात मुली खेळत असू.

"अकोलेवाली, पाय उशिरा पडून राह्यला तुया."

अकोलेवाली म्हणजे मी. चार वर्षांत त्यांनी मला एकदाही नावानं हाक मारली नाही. मोर्शीच्या मुलीला ते मोर्शीवाली म्हणत, आणि चांदूर रेल्वेची जी होती तिला नुसतं 'रेल्वे'.

पहिल्या आठवड्यात मी धीर करून विचारलं होतं, "मास्तर, तुम्ही तर बघत नाही. मग तुम्हाला कळतं कसं?"

"आधी बूट वाजला पायजे, मंग बॅट. तुयी बॅट आधी वाजते, बूट मांगून येते. यात डोयाचं काय काम?"

पाठ फिरवून बसण्याची ही पद्धत मी यायच्या आधीची. कॉलेजात टेनिस सुरू झालं त्या वर्षी अकोटच्या कुणा आईनं तक्रार केली होती, की पोरी धावतात, पदर सुटतात आणि एक परका पुरुष टक लावून बघत बसतो. ते मास्तरांच्या कानावर आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची उचलली, उलटी मांडली आणि म्हणाले, "आयकाले त इकडून बी येते."

या पाठीनंच मला टेनिस मिळवून दिलं. माझे वडील अकोल्याला वकिली करत. मुलीनं शिकावं असं त्यांना वाटे, पण बॅट घेऊन धावावं असं मुळीच वाटत नव्हतं. ते मुद्दाम अमरावतीला आले आणि मेंदीच्या कुंपणापलीकडे छत्री टेकवून अर्धा तास उभे राहिले. त्या अर्ध्या तासात मास्तरांनी मान वळवली नाही. घरी गेल्यावर वडील आईला म्हणाले, "अत्यंत सभ्य माणूस आहे. खेळू दे तिला."

मास्तरांचं बालपण साहेबलोकांच्या क्लबमागच्या वस्तीत गेलं. क्लबला उंच भिंत होती आणि वस्तीतल्या मुलांना आत शिरायची सोय नव्हती. भिंतीपलीकडे रोज संध्याकाळी टप् टप् आवाज व्हायचा. काय चाललंय ते दिसायचं नाही. मास्तर भिंतीला कान लावून बसत. महिन्याभरात त्यांना नुसत्या आवाजावरून कळायला लागलं, की आता चेंडू जाळीत गेला, आता बाहेर पडला, आता मडम चिडली. पुढे चेंडू वेचायला म्हणून त्यांना आत घेतलं आणि मोठेपणी ते मार्कर झाले. मार्कर म्हणजे कोर्ट राखायचं, चुन्याच्या रेघा मारायच्या, बॅटींची निगा ठेवायची आणि साहेबाला जोडीदार नसेल तेव्हा त्याच्याशी खेळायचं. साहेबापेक्षा चांगलं खेळता येत असलं तरी हरायचं, हेही त्या नोकरीत येत होतं.

साहेब गेले. क्लबात पत्त्यांचे डाव रंगायला लागले. टेनिस कोणी खेळेना, तरी मास्तर रोज कोर्टावर पाणी मारत आणि दगडी रोलर ओढत. आमच्या प्राचार्या बाई एकदा तिथून टांग्यातून जात होत्या. रिकाम्या कोर्टावर एकटा माणूस रोलर ओढतोय हे पाहून त्यांनी टांगा थांबवला.

"कोण खेळणार आहे इथे?"

"कोनी नाई."

"मग कशाला राबताय?"

"आज नाई कोनी. उद्या कोनी आलं त त्याले म्हनू काय, थांब बाप्पा, कोर्ट तयार नाई?"

महिन्याभरात बाईंनी त्यांना कॉलेजात आणलं. पण टेनिस शिकवणाऱ्याची जागा कॉलेजकडे नव्हती. मंजूर होती ती माळ्याची. तेव्हा बाईंनी हजेरीपुस्तकात त्यांच्या नावापुढे 'माळी' असं लिहिलं. आमच्या या माळ्यानं उभ्या नोकरीत एक रोप लावलं नाही. उलट कोर्टाजवळ गुलाबाचा वाफा होता तो त्यांनी पहिल्याच महिन्यात उखडून टाकला, कारण त्याच्या काट्यांनी चेंडू फाटत.

तिथली सगळी जमीन काळी. उन्हाळ्यात हात हात भेगा पडतात, पावसाळ्यात बूट निघत नाही. मास्तरांनी दोन फूट माती काढून खाली गिट्टी, वर मुरूम घातला. त्या लाल चौकोनात शिरताना ते स्वतःही वहाणा काढून ठेवत. चुन्याच्या रेघेबाहेर आम्ही त्यांच्या लेखी 'बाईसाहेब' होतो. "या बाईसाहेब, तुमी पानी पेल्या काय?" रेघ ओलांडून आत गेलं की तीच मुलगी 'तू' व्हायची. "लुगडं सांभाळून राह्यली का चेंडू? एकच कोनतं तरी सांभाळ!" आणि खेळ संपवून बाहेर पाऊल पडलं की पुन्हा "दमल्या काय बाईसाहेब?"

पावसाळ्यात बॅटींच्या आतड्याच्या ताती ओल धरू नयेत म्हणून ते सगळ्या बॅटी घरी नेत आणि चुलीच्या वरच्या आढ्याला टांगत. श्रावणातल्या आमच्या बॅटींना धुराचा आणि फोडणीचा वास यायचा. मास्तरांच्या बायकोला आम्ही मावशी म्हणत असू. त्या म्हणायच्या, "आमच्या घरात मानसाले बसाले जागा नाई, बॅटीले माळा हाय."

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यात मी चांगली दिसत नाही.

खेळ झाल्यावर वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाई ओसरीवरच्या कपाटातले कप काढून सगळ्यांना चहा देत. मास्तर आपला जर्मनचा मग घरून आणत. बाई वरून चहा ओतायच्या, आणि मास्तर तो कोर्टाच्या कडेला उभं राहून पीत. हे रोज घडत होतं, म्हणून आम्हाला दिसत नव्हतं. छप्पनच्या दसऱ्याला मास्तर मावशींना घेऊन नागपूरला गेले. तिथून परत आले ते बौद्ध होऊन. त्या दिवशी चहाच्या वेळी त्यांच्या हातात मग नव्हता.

"मग विसरलात का?" स्वयंपाकीणबाईंनी विचारलं.

"विसरलो नाई. मोडीत देला. कपाटातला कप द्या."

बाई किटली घेऊन तशाच उभ्या राहिल्या. आम्ही मुली एकमेकींकडे बघत होतो. मी कपाटाच्या सगळ्यात जवळ होते. मी हललेसुद्धा नाही. शेवटी मोर्शीवाली उठली, तिनं कपबशी काढली, बाईंच्या हातातून किटली घेतली आणि चहा ओतून मास्तरांना दिला. मास्तरांनी तो आमच्यात बसून सावकाश प्यायला, कप स्वतः विसळला आणि कपाटात बाकीच्या कपांच्या मधोमध ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी त्यातला नेमका कुठला तो, हे कोणालाच सांगता येईना. स्वयंपाकीणबाई आठवडाभर पुटपुटल्या आणि मग थकल्या. मास्तरांचं गुपित पुढे मी जीव तोडून सांभाळलं, त्यात या दिवसाचा वाटा असावा.

ते गुपित मला कळलं संत्र्यामुळे. सत्तावन्नच्या थंडीत मोर्शीवालीच्या घरून संत्र्यांची करंडी आली होती. मास्तरांची एक गंमत आम्हाला ठाऊक होती. मागून चेंडू टाकला तर टप्पा पडताच ते न बघता हात मागे करून तो झेलत. मी त्या दिवशी समोरून गेले. चांगलं ऊन होतं. "मास्तर, घ्या," असं तोंडानं न म्हणताच मी चार-पाच हातांवरून एक संत्रं त्यांच्याकडे हळूच फेकलं. मास्तर माझ्याकडे तोंड करून बसले होते. त्यांनी हात उचलला नाही. संत्रं त्यांच्या छातीवर आपटलं आणि ते केवढ्यानं तरी दचकले.

"कोन हाय?"

मी जवळ गेले. त्यांच्या उजव्या बुबुळावर दुधासारखा पांढरा पडदा होता. डाव्यावरही धूसर ढग. इतकी वर्षं आम्ही पाठच बघत होतो, डोळे बघितले होते कोणी?

"मास्तर, तुम्हाला दिसत नाही?"

"उजेड दिसते. मानूस आला त सावली दिसते." त्यांनी चाचपडत संत्रं उचललं आणि हसून म्हणाले, "एक मोतीबिंदू पिकला हाय, दुसरा पाडाले आला." मग एकदम हसू गेलं. "बाईसाहेब, कोनाले सांगू नका. आंधया मास्तर कोन ठेवन?"

"ऑपरेशन करून घ्या ना."

"मायी माय करून आली होती. एका वैदूनं सुई घातली डोयात. सावली दिसत होती, तेबी गेली."

मी शब्द दिला, आणि त्या दिवसापासून मला त्यांच्यासाठी भीती वाटू लागली. कोणी नवीन माणूस कोर्टावर आला की मी आधी धावत जाऊन मास्तरांना कोण आलंय ते सांगत असे.

पुढच्याच महिन्यात अकोल्याला विद्यापीठाचे सामने होते. आम्ही बडनेऱ्याला गाडी बदलून गेलो. एका बाजूनं मोर्शीवाली आणि दुसऱ्या बाजूनं मी, अशा चालत होतो. मास्तर मध्ये; मोर्शीवालीला मी गर्दीचं निमित्त सांगितलं होतं. लोकांना वाटलं असेल, केवढा जीव आहे पोरींचा. उपांत्य सामन्यात नागपूरच्या एका उंच मुलीनं मला सरळ दोन सेटमध्ये हरवलं. माझ्या गावात, माझ्या वडिलांसमोर. शेवटचा चेंडू मारून ती हसली. माझ्याकडे बघून हसली असं मला वाटलं, आणि तिचा मला अतिशय राग आला.

दुपारी तिचा अकोल्याच्या मुलीशी अंतिम सामना होता. लोक जमले, आणि तेवढ्यात कळलं की अंपायर म्हणून येणाऱ्या प्राध्यापकांना थंडी वाजून ताप भरलाय. सामन्यांचे चिटणीस धावत आमच्याकडे आले.

"मास्तर, तुम्हीच बसा आता. तुमची मुलगी हरलेली आहे, तेव्हा कोणाची हरकत नाही. साहेबांच्या क्लबातला माणूस, तुमच्याइतकं कोणाला कळतं?"

मला वाटलं, मास्तर काहीतरी कारण सांगतील. पण त्यांचा चेहरा मी बघितला. क्लबात तीस वर्षं त्यांनी ती उंच खुर्ची पुसली होती, रंगवली होती, उन्हातून सावलीत ओढली होती. तिच्यावर बसायला त्यांना कधी कोणी सांगितलं नव्हतं.

"बसतो," ते म्हणाले. मग माझा हात धरून हळू आवाजात म्हणाले, "मांगच्या रेघांवर दोन प्रोफेसर हायेत. मले फक्त बाजूच्या रेघा पायजेत. तू खुर्चीच्या पायाशी बस. चेंडू बाहेर पडला त खोक."

हो म्हणायला नको होतं. मी हो म्हणाले.

मास्तर खुर्चीवर चढले आणि त्यांचा आवाजच बदलला. "फिप्टीन लो!" साहेबांकडून उचललेलं ते इंग्रजी मैदानभर घुमलं. मी पायाशी सतरंजीवर बसून डोळे फाडफाडून रेघा बघत होते. चेंडू बाहेर गेला की खोकत होते. एकदा एक बाई मला म्हणाल्या, "ज्येष्ठमध देऊ का गं?" पहिला सेट असा पार पडला. कोणाला काही कळलं नाही. मास्तर वर ताठ बसले होते.

दुसऱ्या सेटमध्ये नागपूरच्या मुलीनं एक चेंडू पलीकडच्या बाजूच्या रेघेवर मारला. मी स्पष्ट बघितलं. चुना उडाला. चेंडू रेघेवर पडला होता, म्हणजे आत.

आणि मी खोकले.

का खोकले हे मी पुष्कळ वेळा स्वतःला विचारलंय. ठरवून नव्हतं. सकाळचं ते हसू घशाशी आलं असावं.

मास्तरांनी मान किंचित तिरकी केली. दोन्ही मुली त्यांच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "चेंडू आत! पाइंट नागपूरचा." आणि ते खुर्चीवरून उतरायला लागले. एकेक पायरी पायानं चाचपत खाली आले.

चिटणीस धावले. "अहो मास्तर, काय झालं? अगदी बरोबर दिलात की!"

"बरोबर देला," मास्तर म्हणाले, "पन पायला नाई." मग लोकांकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "मले दिसत नाई. दोनी डोयाले मोतीबिंदू हाय. मी बसालेच नोको होतं. पोरींनो, माफी करा. दुसरा मानूस बसवा."

इतके लोक, पण कोणी खोकलंसुद्धा नाही. मास्तर हात पुढे करून उभे होते. मी तो हात धरायला उठले, पण त्याआधीच नागपूरची ती उंच मुलगी आली आणि त्यांना धरून तंबूपर्यंत घेऊन गेली.

सामना दुसऱ्या कोणीतरी संपवला. तीच जिंकली. परतीच्या पॅसेंजरमध्ये मास्तर एकच वाक्य बोलले. "माळ्यावर राह्यलेल्या बॅटी देऊन देतो कॉलेजाले, मंग मी मोकळा."

वडिलांचं पत्र चौथ्या दिवशी आलं. मी भीतभीतच फोडलं. 'म्हणजे तो गृहस्थ पाठ फिरवून बसत होता ते त्याला दिसत नव्हतं म्हणून! मी आपला सभ्यतेवर भाळलो. पण मग तो तोंड करून बसला असता तरी काय बिघडणार होतं? असो. भर मैदानात स्वतःहून उतरणारा माणूस मी कोर्टात इतकी वर्षं घालवूनही पाहिला नव्हता. खेळणं चालू ठेव.'

पण कॉलेजच्या कमिटीत एक सभासद होते, त्यांनी विषय काढलाच. टेनिस शिकवणारा इसम आंधळा असून त्यानं कॉलेजची शोभा केली, सबब त्याला कमी करावं. त्या बैठकीत काय झालं ते प्राचार्या बाईंनी आम्हाला नंतर स्वतः हसत हसत सांगितलं. एरवी त्या हसत नसत. त्यांनी हजेरीपुस्तक टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "यात टेनिस शिकवणारा इसम कुठे आहे तो दाखवा."

सभासदांनी पानं उलटली. तसा कोणी नव्हताच.

"माळी आहे. माळ्याबद्दल काही तक्रार आहे का आपली?"

माळ्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. "मग टेनिस शिकवणाऱ्याला काढायचं तर आधी त्याला नेमावं लागेल," बाई म्हणाल्या. विषय तिथेच मिटला.

मग त्यांनी मास्तरांना बोलावलं. आम्ही दाराशी उभ्या होतो.

"उन्हाळा लागायच्या आत ऑपरेशन करायचं. सरकारी दवाखान्यात मी बोलले आहे."

"आन नाई दिसलं त?"

"नाही दिसलं तर आजवर चाललं तसं चालेल. कोणाचं अडलं होतं?"

तरी मास्तर तयार होईनात. आईचा डोळा त्यांच्या मनातून जाईना. शेवटी मावशी पदर खोचून पुढे झाल्या. आम्ही सगळ्या घरी गेलो होतो, आमच्यादेखतच म्हणाल्या, "तीन वर्सं झाले तुमी मायाकडं पायलं नाई. मी म्हातारी झाली का मेली, तुमाले मालूम नाई. तुमच्या मायच्या डोयाले वैदूनं हात लावला होता. हा डाक्टर हाय. मुकाट्यानं चला."

आणि ते मुकाट्यानं गेले.

त्या काळी मोतीबिंदू काढला की सात-आठ दिवस उताणं पडून राहायचं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, डोळ्यांवर पट्टी. हलायचं नाही, शिंकायचं नाही, हसायचं नाही. आम्ही मुली पाळीपाळीनं बसत होतो. चौथ्या दिवशी दुपारी मी एकटीच होते. मावशी डबा आणायला गेल्या होत्या. ज्याला आपण दिसत नाही, त्याला सांगणं सोपं जातं.

"मास्तर, अकोल्याला तो चेंडू आत होता. मी मुद्दाम खोकले."

"मले मालूम हाय."

"कसं?"

"चुन्यावर पडलेला चेंडू घसरते, आवाज बारीक येते. मुरमावरचा भद्द वाजते. तो चुन्यावर होता. आन तुया खोकला जरा उशिरा आला. इच्यार करून आला."

मी रडायला लागले. "मग तुम्ही माझं नाव का नाही घेतलं? मी चुकीचं सांगितलं म्हणून का नाही म्हणालात?"

"तुयं काय नाव घेऊ? खुर्चीवर मी होतो. खोकला तुया असन, पन बोललो असतो मी. दिसत नसून चढलो, तिथीच चुकलो. तुले खोकाले लावलं, ते त्याहून मोठं चुकलं." मग त्यांनी विचारलं, "त्या नागपूरवालीवर काहून चिडली होती व?"

"मला हरवून हसली ती."

मास्तरांचं पोट थरथरायला लागलं. "हसवू नोको, अकोलेवाली. डाक्टरनं मनाई केली हाय. उगी डोया जाईन माया."

आता कोर्टाबाहेरही मी 'तू' झाले होते. ते हसू दाबत होते, मी रडू. महिनाभर छातीवर धोंडा होता तो त्या वॉर्डात उतरला.

पट्टी सोडली त्या दिवशी मावशी, बाई, मोर्शीवाली, रेल्वे आणि मी अशा खाटेभोवती उभ्या होतो. डॉक्टरांनी पट्टीचा शेवटचा वेढा काढला. मास्तरांनी डोळा मिटलेलाच ठेवला.

"उघडा."

"उघडतो. घाई काय हाय?"

मावशींनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की नंतर वळ दिसला. मास्तरांनी डोळा उघडला. डॉक्टरांनी जाड भिंगाचा चष्मा त्यावर धरला आणि हात समोर केला.

"किती बोटं?"

मास्तर हात निरखत म्हणाले, "तीन. पन मधलं वाकडं हाय."

डॉक्टर हसायला लागले. लहानपणी दारात सापडून त्यांचं ते बोट खरंच वाकडं झालं होतं. बाईंनी तोंड फिरवून चष्मा पुसला. मास्तर मावशींकडे वळले आणि बघतच राहिले.

"लुगडं नवं हाय काय?"

"दोन वर्सांपासून नेसून राह्यली," मावशी म्हणाल्या आणि पदर नीट करायला लागल्या.

मग त्यांनी विचारलं, "यातली अकोलेवाली कोनती?" मी पुढे झाले. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मी पाच फूटही नव्हते. "तू? एवढीशी? तुयी बॅट त चार हात उंच बाईची वाजते!"

वॉर्डातले सगळे पेशंट हसले. ज्यांना हसायची मनाई होती तेही.

त्यानंतर सात-आठ वर्षं मास्तर कॉलेजात होते. दुसरा डोळाही पुढच्या थंडीत झाला. खुर्ची त्यांनी कोर्टाकडे तोंड करून मांडली, आणि आता कोणाच्या आईची तक्रार आली नाही. त्यांच्या हाताखालच्या दोन मुली विद्यापीठात पहिल्या आल्या. एक क्लबमागच्या त्यांच्याच वस्तीतली होती. ती पुढे तहसील कचेरीत नोकरीला लागली आणि तिथल्या साहेबाला टेनिसमध्ये हरवत असे, असं ऐकलं. मास्तर निवृत्त झाले तेव्हा त्यांना जे मानपत्र दिलं, त्यात त्यांनी कॉलेजच्या बागेची मनोभावे सेवा केल्याचा उल्लेख होता.

नंतर माझं लग्न, संसार, बदल्या. मधे कोणीतरी सांगितलं, की मास्तर फार आजारी आहेत, अंथरुणाला खिळलेत, माणूस ओळखत नाहीत. पत्र लिहायचं मी रोज ठरवत होते आणि उत्तर काय येईल या भीतीनं लिहीत नव्हते.

साठचं दशक संपत आलं होतं. मी सात वर्षांच्या मुलीला घेऊन अकोल्याहून नागपूरला निघाले होते. चांदूर रेल्वेला दुपारी गाडी थांबली. फलाटावर पार्सलच्या खिडकीशी भांडण चाललं होतं.

"जाळं आहे म्हणता, मग मासळीखात्याचा कागद दाखवा," कारकून म्हणत होता.

"मासे धराची जाळी नाई हे, बाप्पा! टेनिसची हाय. हिच्यात मासा कसा राहीन? भोकं पाय किती मोठे!"

"मास्तर!" मी खिडकीतून जवळजवळ ओरडलेच.

ते आले. वाळले होते, एक पाय जरा ओढत होते. जाड चष्म्यातून डोळे घुबडाएवढे दिसत होते. त्यांनी मला एका नजरेत ओळखलं.

"अकोलेवाली! कुठी निघाली?"

"नागपूरला. मास्तर, तुम्ही फार आजारी होता ना? मी ऐकलं..."

"होतो. चार महिने खाटेवर होतो. मंग इथल्या पोरींच्या शायेची हेडबाई आली. म्हने, मैदान हाय, पोरी हायेत, शिकवनारं कोनी नाई. आता तूच सांग, खाटेवर कसं राहू?"

"आणि जमीन? इथे तर काळी माती."

"चाळीस गाड्या मुरूम पडला. कोर्ट तयार हाय. जाळीच तेवढी राह्यली होती, ते आज आली." त्यांनी माझ्या मुलीकडे बघितलं. "तुयी काय? सुटीत धाड मायाकडं."

मला कितीतरी विचारायचं होतं. मावशी कशा आहेत, हे एवढं विचारलं. "बोंबलून राह्यली, म्हनजे बरी हाय," ते म्हणाले आणि फलाटावरच्या घड्याळाकडे बघून एकदम अस्वस्थ झाले.

"चार वाजता पोट्ट्या येतात. तुयी गाडी सुटंपर्यंत थांबलो त उशीर होईन मले. जातो."

कारकुनाच्या समोरून त्यांनी जाळीचं वेटोळं उचललं, खांद्यावर टाकलं आणि पाय ओढत, पण भराभर, फाटकातून बाहेर पडले. कारकून काहीतरी ओरडला, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. गाडी अजून उभीच होती.

"आई," माझी मुलगी म्हणाली, "ते आजोबा आपल्याला टाटा न करताच गेले."

"त्यांना उशीर होतोय," मी म्हणाले, आणि खिडकीशी हुश्श करून बसले.